०–१–०

लेले डॉक्टरांनी आधी बाळाला तोललं,
मग चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं,
दुधावर साय धरलीय का बघावं तसं.
"शेवटचं नीट कधी झोपलात?"
"बुधवारी," मी म्हटलं.
त्या दिवशी सोमवार होता.

चिठ्ठीवर वर ओजूचे थेंब,
खाली माझं नाव, आणि नावापुढे एक ओळ,
शाईत पडलेली मुंगी चालत गेल्यासारखी.
तिच्याही पुढे: ०–१–०.

धनकवडीच्या शेवटच्या स्टॉपजवळ मेडिकलवाल्याने
ती ओळ ट्यूबलाइटखाली धरली,
आतल्या पोऱ्याला दाखवली,
दोन-तीन कंपन्यांची नावं पुटपुटली.
"हे आपल्याकडे नाही, ताई. मागवून ठेवतो.
उद्या या. एक ते चार सोडून."

घरी निरंजनने ती वाचली.
त्याचे वडील सासवडला कंपाउंडर होते,
तेवढा वारसा त्याच्याकडे आहे.
"अगं, 'झोप' लिहिलंय. दुपारी एकदा."
आम्ही हसलो, नुसते खांदे हलवून.
या घरात तीन महिने असंच हसतात.

पण औषध गळ्याखाली उतरेना.
तिचा डोळा लागला की माझे हात जागे होत:
बाटल्या उकळायच्या, दुपटी वाळलीत का बघायचं,
करपलेलं पातेलं घासायचं,
आणि मग फोन, उगाचच,
अंगठ्याने वर ढकलत राहायची
लोकांची गुटगुटीत, शहाणी बाळं.
वीस मिनिटांत ओजू उठायची
माझ्याइतकीच चिडलेली.
अर्धी झोप म्हणजे अर्धी भिजलेली डाळ,
कितीही शिट्या द्या, कणी राहतेच.

वरच्या मजल्यावर बागवानभाभींचं शिलाईमशीन.
मी कधी तक्रार केली नव्हती.
निरंजनने जिन्यात चिठ्ठीची गंमत सांगितली असावी,
कारण त्या गुरुवारी एक वाजता
खटखट मध्येच थांबली,
एका बाहीच्या अर्ध्यावर.

मग मलाही लाज वाटली.
पडदा ओढला. पंखा दोनवर.
भांडी तशीच. भांडी कुठे पळून जातात?
तिच्या शेजारी पाठ टेकली
आणि कात्रजकडे चढणाऱ्या ट्रकचे गिअर मोजले.
पाचव्या ट्रकनंतरचं आठवत नाही.

रोज तेच. तीच वेळ, तोच पडदा, तेच दुपटं.
दहाव्या दिवशी नुसत्या कड्या सरकल्या
तशी ओजू डोळे चोळायला लागली.
घड्याळ तिला कळत नाही,
पण दुपार कळते.
उठली की आता आधी छताकडे बघून हसते,
रडणं नंतर, आठवलं तर.
माझ्या गालावर उशीच्या टाक्यांची नक्षी,
आणि संध्याकाळी निरंजनने दूध उतू घालवलं
तरी मी त्याला फक्त दूध उतू गेल्याबद्दलच बोलले,
लग्नापासूनचं काही काढलं नाही.
रविवारी तोही आमच्यात येऊन पडला,
पाय पलंगाबाहेर, तोंड उघडं.

एका रात्री साडेअकराला तिला पाजत होते.
वर मशीन चालू होतं.
दुपारची बाही पुरी होत होती.

सकाळी वाटीभर शिरा घेऊन वर गेले.
"भाभी, दुपारी चालवा तुम्ही. होईल तिला सवय."
त्यांनी दातांनी दोरा तोडला.
"आता नको गं. एक वाजला की मीही आडवी होते.
तीस वर्षं मशीनवर बसले,
दुपारी थांब, असं कुणी म्हटलंच नव्हतं."

परवा मेडिकलवरून जाताना त्याने हाक मारली.
"ताई, ते अजून आलं नाही हो.
कंपनीला दोनदा फोन केला."
मग नीट पाहिलं माझ्याकडे.
"पण बऱ्या दिसताय."